‘नव्या शर्ती’ला विरोध करून कौन्सिलातून उठून गेलेले नामदार गोखले

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं लिहिलेलं असलं की जमीन विकायला परवानगीसाठी कचेरीच्या चकरा आल्याच. गावाकडं याला नवी शर्त म्हणतात. वर्ग २ मध्ये इनाम-वतनाच्या आणि कूळकायद्याच्या जमिनीही येतात, पण नवी शर्त हा प्रकार मुळात १९०१ सालचा. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात तो आला तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले त्याला विरोध करायला उभे राहिले होते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेराव्या वर्षातच पोरका झाला. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून १५ रुपये पगारावर नोकरीला लागले आणि त्यातले ८ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणाला पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत सगळं घर. १८८४ मध्ये गोपाळराव बी.ए. झाले, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेले. ते कौन्सिल म्हणजे आजची विधानसभा नव्हे. गव्हर्नर स्वतः अध्यक्ष, सरकारी माणसांचं बहुमत आणि कारभार सगळा इंग्रजीत. १८९२ च्या कायद्याने बाहेरच्या सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले, बजेटवर बोलताही येई, पण बजेटवर मत देता येत नसे. गोखल्यांची जागा मध्य भागातल्या लोकल बोर्डांची होती. त्याआधी टिळकही याच जागेवरून गेले होते. मत द्यायचं ते बोर्डाच्या मेंबरांनी, साध्या शेतकऱ्याला मत नव्हतंच.

तो काळ दुष्काळाचा. १८९६-९७ चा दुष्काळ संपतो न संपतो तोच १८९९-१९०० चा आला, त्यात प्लेगची साथ. सारा थकला, जमिनी सरकारजमा होऊ लागल्या. १९०१ मध्ये सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. सरकारजमा झालेली जमीन परत द्यायची, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता वा गहाण टाकता येणार नाही, अशी त्यात अट होती. सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचं, हे सरकारचं कारण.

कारण खोटं नव्हतं. सावकारी पाश गोखल्यांनाही माहीत होता. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. गहाण ठेवता न येणाऱ्या जमिनीवर बी-बैलाला पैसे कोण देणार? सरकारने आधी शेतकऱ्याचं कर्ज स्वतःकडं घ्यावं, शेतकी बँका काढाव्यात, मग अशी अट घालायचं बोलावं. नुसती अट घातली तर पिढीजात मालक सरकारचा कूळ होऊन बसेल.

ऑगस्ट १९०१ मध्ये पुण्यात चर्चा झाली. घाई नको, बिल पुढं ढकला, अशी सूचना फिरोजशहा मेहतांनी मांडली. मतं मोजली तर निकाल ठरलेलाच होता. तेव्हा मेहता सभागृहातून उठून बाहेर गेले आणि त्यांच्यामागं गोखले आणि आणखी काही सभासदही गेले. गव्हर्नरसमोर असं उठून जाणं तेव्हा फार मोठी गोष्ट होती. आज रोजचे सभात्याग बघणाऱ्याला त्याचं वजन कळायचं नाही. गोखले तर मवाळ म्हणून ओळखले जात, बोलणंही आकडेमोडीचं.

बिल मंजूर झालं. कर्जपुरवठ्यासाठी सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो १९०४ मध्ये.

गोखले पुढं कलकत्त्याच्या मोठ्या कौन्सिलात गेले, मिठावरच्या कराविरुद्ध बोलत राहिले, १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल त्यांनी १९११ मध्ये आणलं, तेही पुढच्या वर्षी मतदानात पडलं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती. १९०१ ची अट मात्र राहिली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत वर्ग २ च्या रूपाने आली.