दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : कोसबेन, गोवा, ३१ जुलै १९०७, मृत्यू : पुणे, २९ जून १९६६) हे गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि संस्कृत ग्रंथांचे संपादक होते. पाली भाषा व बौद्ध धर्माचे विद्वान धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. प्राचीन भारताच्या इतिहासाची भौतिकवादी दृष्टीने मांडणी करणारे अभ्यासक म्हणून ते विशेष ओळखले जातात. गणित, जनुकशास्त्र, नाणकशास्त्र व संस्कृत या विषयांतील त्यांचे शोधनिबंध देशोदेशींच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. संशोधनाचे श्रेय, लेखाचे परीक्षण, संपादकाची जबाबदारी आणि टोपणनावाने केलेले लेखन यांसंबंधीच्या चर्चेत त्यांच्या काही निबंधांचा उल्लेख केला जातो.

कौटुंबिक पार्श्वभूमी

संशोधनाच्या श्रेयाचा प्रश्न कोसंबींच्या घरात त्यांच्या लहानपणीच उपस्थित झाला होता. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून धर्मानंद १९१० साली अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरेन यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन पूर्ण करण्याचे काम त्यांच्याकडे होते. ग्रंथमालेचे प्रमुख चार्ल्स लॅनमन यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून त्यांचे मतभेद झाले आणि काम अर्धवट सोडून ते १९१२ मध्ये भारतात परतले. पुढे या कामासाठी ते पुन्हा हार्वर्डला गेले. १९४० मध्ये त्यांची देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती मात्र १९५० साली, म्हणजे धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी बाहेर पडली. तिच्यावर संपादक म्हणून वॉरेन यांचे आणि संस्करण सुधारणारे म्हणून धर्मानंदांचे नाव आहे.

शिक्षण व अध्यापन

१९१८ मध्ये वडिलांसोबत दामोदर अमेरिकेतील केंब्रिज येथे गेले व तेथील शाळांत शिकले. १९२९ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवली. त्याच वर्षी भारतात परतून ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. १९३१ मध्ये फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांच्या बोलावण्यावरून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. त्यानंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी १९४५ पर्यंत अध्यापन केले. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. तेथे १९६२ पर्यंत ते प्राध्यापक होते. या काळात त्यांचे घर पुण्यातच होते आणि डेक्कन क्वीनने ते मुंबईस ये-जा करीत.

बूर्बाकी प्रकरण

अलीगढला असताना कोसंबींनी संयुक्त प्रांतांच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात बूर्बाकी नावाच्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा विस्तार केला होता. हा गणितज्ञ रशियन क्रांतीच्या काळात मरण पावल्याचे निबंधात म्हटले होते. प्रत्यक्षात असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. एका सहकाऱ्याची जिरवण्यासाठी ही कल्पना वेय यांनी सुचवली होती. निबंधातील गणित खरे होते, संदर्भ मात्र बनावट होता. काही वर्षांनी वेय व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी सामुदायिक लेखनासाठी निकोला बूर्बाकी हेच नाव घेतले व ते जगप्रसिद्ध झाले. त्यामुळे हा प्रसंग गणिताच्या इतिहासात विनोदी किस्सा म्हणून सांगितला जातो. तथापि, पत्रिकेत छापलेला प्रत्येक संदर्भ खरा आहे या विश्वासावर पुढचे संशोधन उभे राहते आणि या निबंधाने त्या विश्वासाचाच गैरफायदा घेतला होता.

पथ-भूमिती

१९३३ साली जर्मनीतील 'माथेमाटिशे झाइटश्रिफ्ट' या नियतकालिकात पथ-अवकाशांविषयीचा कोसंबींचा निबंध आला. दुसऱ्या क्रमाच्या विकलक समीकरणांच्या संहतीला भूमितीय रूप देणारा हा निबंध होता. फ्रेंच गणितज्ञ एली कार्तां यांनी त्यावर आपली निरीक्षणे लिहिली. ती त्याच खंडात कोसंबींच्या निबंधापाठोपाठ छापण्यात आली. १९३९ मध्ये शिइंग-शेन चर्न यांनी या विषयात भर घातली. आज हा सिद्धान्त कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो. मूळ लेख व त्यावरील टिपण एकत्र छापल्यामुळे कोणाचा वाटा किती, हे वाचकाला थेट पाहता आले.

संख्याशास्त्रीय संशोधन व श्रेय

१९४३ मध्ये भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात कोसंबींचा फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावरचा निबंध प्रसिद्ध झाला. एखादे यादृच्छिक फलन परस्परांशी लंबरूप असलेल्या साध्या फलनांच्या बेरजेच्या रूपात कसे मांडता येते, हे त्यात दाखवले होते. ही पद्धत पुढे प्रतिमांचे संक्षेपण, द्रवांमधील खळबळीचा अभ्यास आणि हवामानशास्त्र यांत उपयोगी पडली. फिनलंडचे कारी कार्हुनेन व फ्रान्सचे मिशेल लोएव यांनी काही वर्षांनी स्वतंत्रपणे हाच विस्तार मांडला आणि तो त्या दोघांच्या नावाने रूढ झाला. येथे वाङ्मयचौर्याचा प्रश्न नाही. युद्धकाळात भारतात छापलेला निबंध पाश्चात्त्य संशोधकांच्या वाचनात येणे अवघड होते. मात्र कोसंबींचा निबंध आधीचा असल्याचे लक्षात आल्यानंतरही त्यांचे नाव जोडण्याची प्रथा सार्वत्रिक झाली नाही. काही लेखक आता या विस्ताराला तिघांचे नाव देतात.

याउलट अनुभव त्यांना जनुकशास्त्रात आला. 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स' या ब्रिटिश नियतकालिकात १९४४ मध्ये त्यांचा अवघा चार पानांचा निबंध आला. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून कसे काढावे, याचे सूत्र त्यात होते. हे सूत्र 'कोसंबी फलन' या नावाने ओळखले जाते. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना आजही ते वापरतात.

नाणी, हस्तलिखिते व ग्रंथपरीक्षण

नाणे चलनात जितका काळ फिरते, तितके ते झिजते व वजनाला हलके होते. या तत्त्वावर कोसंबींनी प्राचीन आहत नाण्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. आधी चालू नाण्यांचे वजन करून त्यांनी तत्त्वाची खात्री करून घेतली, मग तक्षशिला येथील संचयातील नाणी तपासली. १९४१ च्या सुमारास 'करंट सायन्स' व 'न्यू इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकांत हे निबंध प्रसिद्ध झाले. निष्कर्षांबरोबर मोजमापेही दिली असल्याने इतर अभ्यासकांना ती पडताळता आली.

भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांच्या संपादनातही त्यांनी हीच शिस्त पाळली. शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ साली त्यांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. जवळजवळ सर्व परंपरांत सापडणारे सुमारे दोनशे श्लोक, शंकास्पद श्लोक आणि तुरळक हस्तलिखितांतच आढळणारे श्लोक असे तीन गट त्यांनी केले आणि पाठभेद तळटीपांत दिले. १९५७ मध्ये वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोश' या संग्रहाचे संपादन केले. हे पुस्तक हार्वर्डच्या त्याच ग्रंथमालेत आले, जिच्यात धर्मानंदांचे काम प्रसिद्ध झाले होते. मालेचे संपादक डॅनियल इंगल्स यांना कोसंबींची संस्कृत काव्याविषयीची मार्क्सवादी मते पटत नव्हती. तरीही त्यांनी ती छापली आणि आपला मतभेद पुढे स्वतःच्या इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत नोंदवला.

१९४९ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या 'अॅनल्स'मध्ये कोसंबींनी कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्या प्राचीन भारतावरील पुस्तकाचे परीक्षण लिहिले. दोघेही मार्क्सवादी होते. परंतु पुराव्यांचा सैल वापर केल्याबद्दल कोसंबींनी पुस्तकावर कठोर टीका केली. परीक्षकाने वैचारिक जवळीक बाजूला ठेवण्याचे उदाहरण म्हणून या लेखाकडे पाहिले जाते.

रीमान गृहीतकाचा वाद

बेर्नहार्ट रीमान यांनी १८५९ साली मांडलेले गृहीतक मूळ संख्यांच्या वाटपाशी निगडित असून ते अद्याप सिद्ध झालेले नाही. कोसंबींनी संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने त्याची सिद्धता देण्याचा प्रयत्न केला. १९५९ साली तो 'जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ अॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स' या नियतकालिकात छापून आला. हे नियतकालिक शेतीविषयक प्रयोग, पाहण्या व त्यांचे संख्याशास्त्र यांना वाहिलेले होते. अंकशास्त्रातील अशा दाव्याची कसून तपासणी करू शकणारे तज्ज्ञ त्याच्या नेहमीच्या वाचकवर्गात नव्हते.

गणितज्ञांनी ही सिद्धता मान्य केली नाही. संभाव्यतेच्या युक्तिवादाने बहुतांश क्रमिकांविषयी विधान करता येते. परंतु मूळ संख्यांच्या एका ठरावीक क्रमिकेविषयी ते निश्चितपणे लागू होतेच असे नाही, हा अशा पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे. या प्रकरणात कोसंबींच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांनी केलेला पुरस्कार व भाभांशी दुरावलेले संबंध हीही त्यामागची कारणे सांगितली जातात.

या प्रकरणात लेखक व नियतकालिक या दोघांच्याही जबाबदारीचा प्रश्न येतो. विषयाबाहेरच्या नियतकालिकाकडे लेख पाठवल्याने लेखक कठोर परीक्षणाला मुकतो. आपल्या कक्षेबाहेरचा लेख बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून न घेता स्वीकारला, तर संपादक वाचकाप्रमाणे लेखकाचेही नुकसान करतो. वेळीच दाखवलेली चूक खासगी पत्रव्यवहारात राहते, छापलेली चूक मात्र कायमची नोंद होते.

टोपणनावाने लेखन

१९६२ नंतर कोसंबींनी मूळ संख्यांवरील काही निबंध एस. ड्युक्रे या टोपणनावाने मुंबई विद्यापीठाचे नियतकालिक व भारतीय विज्ञान अकादमीची पत्रिका यांत प्रसिद्ध केले. याच विषयावरील त्यांचा एक निबंध १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत त्यांच्या स्वतःच्या नावाने आला. टोपणनावाने संशोधन छापण्याची प्रथा जुनी आहे. विल्यम गॉसेट यांचा १९०८ चा प्रसिद्ध निबंध 'स्टुडंट' या नावाने आला होता, कारण त्यांच्या मद्यनिर्मिती कंपनीची तशी अट होती. टोपणनावामुळे लेख नावावरून न जोखता मजकुरावरून जोखला जातो. मात्र लेखाला उत्तरदायी कोण, हे वाचकाला कळत नाही.

अखेरची वर्षे

१९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांची मानद निवृत्त वैज्ञानिक म्हणून नेमणूक केली आणि पुण्यातील महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या संस्थेशी ते संलग्न झाले. या काळात पुणे परिसरातील लेणी, पाषाणयुगीन अवजारे व ग्रामदेवता यांचे क्षेत्रीय संशोधन त्यांनी सुरू ठेवले. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले.

वारसा

२००८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१६ मध्ये रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला त्यांच्या निवडक गणिती व संख्याशास्त्रीय निबंधांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यामुळे विखुरलेल्या नियतकालिकांतील निबंध एकत्र वाचता येऊ लागले.

कोसंबींच्या हयातीत शोधपत्रिकांच्या नीतिमत्तेविषयी लिखित नियम फारसे नव्हते. प्रकाशन-नीतीसाठी संपादकांची समिती ब्रिटनमध्ये १९९७ साली स्थापन झाली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम केले. दर्जेदार नियतकालिकांची यादी तयार करण्याचे कामही त्याच वर्षी हाती घेण्यात आले आणि त्यासाठीचा कक्ष कोसंबींच्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, उभारण्यात आला. २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली. नियतकालिक निवडण्याची जबाबदारी त्यानंतर पुन्हा संस्था व संशोधक यांच्यावर आली.

प्रमुख ग्रंथ

अॅन इन्ट्रॉडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी (१९५६)
एक्झास्परेटिंग एसेज (१९५७)
मिथ अँड रिअॅलिटी (१९६२)
द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया इन हिस्टॉरिकल आउटलाइन (१९६५)