फ्रीड्रिख मीशर

जर्मनीत नेकर नदीच्या काठी ट्युबिंगेन नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात १८६८ साली एक तरुण डॉक्टर संशोधनासाठी येऊन राहिला. किल्ल्याचे पूर्वीचे स्वयंपाकघर हीच त्याची प्रयोगशाळा. जवळच्या रुग्णालयातून तो एक विलक्षण वस्तू मागवून घेत असे. ती वस्तू म्हणजे जखमांवरून काढलेल्या, पुवाने भरलेल्या पट्ट्या! जी घाण इतरांनी नाक दाबून फेकून द्यावी, तीच त्याला हवी होती. या तरुणाचे नाव फ्रीड्रिख मीशर.

मीशर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८४४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी झाला. वडील वैद्यकाचे प्राध्यापक होते, तर मामा व्हिल्हेल्म हिस हे नामवंत शरीरशास्त्रज्ञ. मीशरही डॉक्टर झाले. परंतु एका आजारामुळे त्यांना कमी ऐकू येत असे. मग रोग्याच्या छातीचे ठोके ऐकावेत कसे? शरीराच्या घडणीची अखेरची कोडी रसायनशास्त्रच सोडवील, असे मामांचे मत होते. ते मानून मीशर होप्पे-झायलर या विख्यात रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करू लागले.

पुवात पांढऱ्या रक्तपेशी विपुल असतात. मीशर पट्ट्या क्षारांच्या पाण्यात धुऊन त्या पेशी वेगळ्या करीत. मग डुकराच्या जठरातून काढलेल्या पाचकरसाने ते पेशींतील प्रथिने विरघळवीत. मागे उरत ती पेशींची केंद्रके. १८६९ मध्ये या केंद्रकांतून त्यांना एक पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा पदार्थ मिळाला. पाचकरसाने तो पचेना. त्यात फॉस्फरस पुष्कळ होता. हे प्रथिन नव्हे, हे उघड होते. मीशर यांनी त्याचे नाव न्यूक्लीन ठेवले. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो, तोच हा पदार्थ.

गुरूंना मात्र खात्री पटेना. त्यांनी सारे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले आणि त्यानंतरच, १८७१ मध्ये, शिष्याचा निबंध आपल्या नियतकालिकात छापला. यात गुरूंचा दोष नाही. नवा शोध असा पारखूनच घ्यावा लागतो. पण तरुण मीशर यांना ती वाट पाहणे किती जड गेले असेल!

पुढे ते बाझलला परतले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. त्या काळी ऱ्हाइन नदीतून सॅमन मासे बाझलपर्यंत येत. नर माशाच्या शुक्रपेशींत केंद्रकाचाच भाग मोठा असतो, म्हणून मीशर यांनी ते मासे निवडले. परंतु न्यूक्लीन मोठे नाजूक! उष्णतेने ते बिघडते. म्हणून ऐन हिवाळ्यात, भल्या पहाटे, शेकोटी नसलेल्या खोलीत ते काम करीत.

गर्भधारणेचे कारण एखादाच पदार्थ असेल, तर तो न्यूक्लीनच असावा, असा विचार १८७४ मध्ये त्यांच्या मनात आला होता. पण एका पदार्थातून सृष्टीतील इतकी विविधता कशी निर्माण होईल, अशी शंका येऊन त्यांनी तो बाजूला सारला. किल्ली हाती आली होती, पण ती कुलपाला लावली गेली नाही.

अध्यापन आणि अतिश्रम यांनी त्यांची प्रकृती ढासळली. क्षयाने त्यांना गाठले आणि २६ ऑगस्ट १८९५ रोजी दाव्होस येथे, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आनुवंशिक गुण याच पदार्थातून उतरतात, हे एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिले, ते १९४४ मध्ये. पुढे स्वीडनचे टोमास लिंडाल यांना आढळले की, जिवंत पेशीतही डीएनए सतत मोडत असतो आणि पेशी त्याची अखंड दुरुस्ती करीत असते. या दुरुस्तीच्या अभ्यासासाठी त्यांना, मॉड्रिच व सांजार यांच्यासह, २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ट्युबिंगेनच्या किल्ल्यातील त्या स्वयंपाकघरात आता संग्रहालय आहे. मीशर यांनी सॅमन माशापासून काढलेल्या न्यूक्लीनची एक काचनळी तेथे जपून ठेवलेली आहे.