पुंगळीला नवा खांदा देणारा कारागीर : पी. ओ. ॲक्ली

रायफलच्या काडतुसाची पितळी पुंगळी निरखून पाहिली तर ती बाटलीसारखी दिसते. खाली धड, वर उतरता खांदा आणि त्यावर गोळी पकडून ठेवणारी अरुंद मान. हा आकार कारखाना ठरवतो. त्याच मापाचे चेंबर रायफलच्या नळीत कोरले जाते आणि ग्राहक दुकानातून त्याच नावाचे काडतूस विकत घेतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील काही नेमबाजांना आणि बंदूक कारागिरांना हा शिरस्ता अपुरा वाटू लागला. ते कारखान्याच्या पुंगळीची मान आवळत किंवा फुगवत, खांदा मागेपुढे सरकवत आणि कोणत्याही दुकानात न मिळणारे स्वतःचे काडतूस तयार करीत. अशा काडतुसांना तिथे वाइल्डकॅट, म्हणजे रानमांजर, हे नाव पडले. या रानमांजरांच्या दुनियेत ज्यांचे नाव आजही सर्वाधिक घेतले जाते, ते पार्कर ओटो ॲक्ली.

ॲक्ली यांचा जन्म २५ मे १९०३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्रॅनव्हिल येथे झाला. सिराक्यूज विद्यापीठातून त्यांनी शेतीशास्त्राची पदवी घेतली. पण आर्थिक मंदीच्या दशकात त्यांनी वेगळी वाट धरली आणि १९३६ मध्ये ओरेगन राज्यातील रोझबर्ग येथे बंदुकांचे एक दुकान विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते युटा राज्यातील ऑग्डेनच्या सरकारी शस्त्रागारात होते. युद्ध संपल्यावर कोलोरॅडोतील ट्रिनिडाड या गावी त्यांनी नळ्या व रायफली बनवण्याचा मोठा कारखाना उभारला, तसेच तेथील महाविद्यालयात बंदूक कारागिरी शिकवली. १९५१ च्या सुमारास ते सॉल्ट लेक सिटीला गेले आणि १९८९ मध्ये निधन होईपर्यंत युटा हेच त्यांचे घर राहिले.

वाइल्डकॅट काडतुसाची खरी अडचण पुंगळी घडवण्यात असे. एका मापाची पुंगळी दुसऱ्या मापात आणायची म्हणजे साच्यांतून टप्प्याटप्प्याने दाबायची, लांबी कापायची, जाड झालेली मान आतून तासायची आणि कडक झालेले पितळ तापवून पुन्हा मऊ करायचे. यात कित्येक पुंगळ्या चिरून वाया जात. एवढे करूनही शिकारीच्या गावी घडवलेली काडतुसे संपली, तर ती महागडी रायफल काठीच्या मोलाची होई.

ॲक्ली यांनी ज्या उपायाचा हिरिरीने पुरस्कार केला, तो अगदी साधा होता. मूळ काडतुसाची लांबी व मान तशीच ठेवायची. फक्त चेंबर असे कोरायचे की धडाचा निमुळतेपणा जवळजवळ नाहीसा होईल आणि उतरता खांदा चाळीस अंशांच्या उभ्या चढाचा होईल. अशा चेंबरमध्ये दुकानातले साधे काडतूस घालून झाडले, की आतल्या दाबाने पितळ चहूबाजूंनी फुगून चेंबरच्या भिंतींना टेकते आणि बाहेर येते ती नव्या आकाराची पुंगळी. पुढच्या खेपेस तिच्यात थोडी अधिक दारू मावते. घडवलेली काडतुसे संपली तरी साधी काडतुसे त्याच रायफलमध्ये चालतात. ही कल्पना एकट्या ॲक्ली यांना सुचलेली नव्हती. इतर कारागीरही तशा खटपटी करीत होते. तिला शिस्त आणि नाव मात्र त्यांनी दिले. आजही अशा काडतुसांच्या नावापुढे ‘ॲक्ली इम्प्रूव्ह्ड’ ही शब्दजोडी लागते.

या शिस्तीचे मर्म एका सूक्ष्म मापात आहे. साधे काडतूस चेंबरमध्ये जाते तेव्हा त्याचा खांदा अधांतरी असतो. आधार मिळतो तो मान आणि खांदा जिथे जुळतात त्या कडेवर. म्हणून चेंबर मूळ मापापेक्षा इंचाच्या काही सहस्रांशांनी आखूड ठेवावे लागते, म्हणजे बोल्ट बंद होताना त्या कडेवर काडतूस किंचित आवळले जाते. नळी मागे न घेता कोणी नुसतेच चेंबर कोरून रुंद केले, तर काडतूस आत सैल राहते, झाडताना पुंगळी लांबीत ताणली जाते आणि बुडाशी तुटू शकते. दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांहून अधिक दाबाचा वायू तेव्हा नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर मोकळा होतो. गोळीशिवाय, थोडी दारू आणि वर गव्हाचा रवा भरून पुंगळी फुगवण्याची पद्धतही तिकडे रूढ आहे; पण माप चुकलेले चेंबर रव्याने सुधारत नाही.

हिंदुस्थानातील शिकारकथांच्या वाचकांना .२७५ रिग्बी हे नाव परिचित असते. जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या याच रायफलने टिपला. ते काडतूस म्हणजेच जर्मन ७×५७ माउझर. त्याची मान आवळून अमेरिकेत एक वाइल्डकॅट तयार झाले आणि १९३४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते .२५७ रॉबर्ट्स या नावाने बाजारात आणले. म्हणजे रानमांजर माणसाळले. या दोन्ही काडतुसांची ॲक्ली इम्प्रूव्ह्ड रूपे झाली. जुन्या, निमुळत्या पुंगळ्यांना अशा सुधारणेचा लाभ अधिक, आणि मुळातच सरळ धडाच्या पुंगळीला जवळजवळ नाही, हे ॲक्ली स्पष्ट सांगत. ज्याची रोजीरोटी नवी चेंबरे कोरण्यावर होती, त्याने अनेक वाइल्डकॅट काडतुसांचा खटाटोप व्यर्थ आहे असे छापून सांगावे, ही त्या धंद्यात दुर्मीळ गोष्ट होती.

ॲक्ली यांचा स्वभाव कळतो तो त्यांच्या प्रयोगांतून. सरळ भिंतीची पुंगळी चेंबरला घट्ट धरून राहते, त्यामुळे बोल्टवर मागे बसणारा धक्का कमी होतो, असा त्यांचा दावा होता. तो तपासण्यासाठी त्यांनी .३०-३० मापाची विंचेस्टर ९४ रायफल घेतली, सुधारित चेंबर कोरले आणि बोल्टला मागून रोखणारा अडसरच काढून टाकला. तशा रायफलमधून काडतुसे झाडली, तरी पुंगळी चेंबरला चिकटून जागेवर राहिली. या प्रयोगाचा काहींनी भलताच अर्थ काढला. बोल्टवरचा धक्का कमी झाला म्हणून नळीतला दाब कमी होत नाही. उलट दाब वाढल्याची नेहमीची लक्षणे उशिरा दिसतात.

महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी निरनिराळ्या देशांच्या लष्करी रायफली घरी नेल्या होत्या आणि त्यांवर नवी काडतुसे बसवण्याची टूम निघाली होती. कोणती रायफल किती सोसते हे तर्काने ठरवण्याऐवजी ॲक्ली यांनी त्या भार वाढवत वाढवत फोडूनच पाहिल्या. जपानी माल तकलादू असतो, असा तेव्हाचा समज होता. प्रत्यक्षात सर्वांत चिवट ठरली ती जपानची आरिसाका.

या साऱ्या अनुभवाचे भांडार म्हणजे नेमबाज आणि काडतुसे भरणाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेला संदर्भग्रंथ. त्याचा पहिला खंड १९६२ मध्ये आणि दुसरा १९६६ मध्ये आला. कारखान्याच्या काडतुसासाठी दारूचे प्रमाण दारू बनवणारी कंपनी प्रयोगशाळेत दाब मोजून छापते. रानमांजराला असा वाली नसतो. ॲक्ली यांनी स्वतःचे आणि इतर कारागिरांचे विखुरलेले आकडे एका ठिकाणी आणले. मात्र त्यांतील अनेक आकड्यांमागे दाबमापन यंत्र नव्हते. प्रायमर किती चपटला, पुंगळीचे बूड किती फुगले, बोल्ट उघडायला जड गेला का, यांवरून अंदाज बांधला जाई. शिवाय एकाच नावाची दोन चेंबरे वेगवेगळ्या रीमरने कोरलेली असत, त्यामुळे एका रायफलला मानवलेले प्रमाण दुसरीला घातक ठरू शके. आजचे जाणकार त्या ग्रंथातील भार जसेच्या तसे उचलत नाहीत. त्याच जातीच्या लहान पुंगळीच्या, प्रयोगशाळेत तपासलेल्या आकड्यांपासून ते आरंभ करतात आणि वेगमापक यंत्र समोर ठेवून पायरीपायरीने पुढे जातात. वेग अपेक्षेहून जास्त दिसला, तर तो आनंदाचा नव्हे, थांबण्याचा क्षण मानतात.

एवढ्या काटेकोर माणसाला थट्टेचेही वावडे नव्हते. गोळीचा वेग सेकंदाला पाच हजार फुटांपलीकडे जातो का, हे पाहण्यासाठी त्यांनी हत्तीच्या शिकारीच्या वेदरबी काडतुसाची अवाढव्य पुंगळी .२२ च्या बारीक मानेत आवळली आणि कान फाडणारा धडाका अशा अर्थाचे खोटे जर्मन नाव तिला दिले. वेग सुमारे ४,६०० फुटांवरच अडला. एवढी दारू जाळण्यासाठी नळीचे छिद्र फारच लहान होते.

ॲक्ली गेल्यानंतर सुमारे दोन दशकांनी नोस्लर कंपनीने त्यांचे .२८० ॲक्ली इम्प्रूव्ह्ड हे काडतूस अमेरिकी शस्त्र उत्पादकांच्या मानक संस्थेकडे नोंदवले. त्याच्या तयार पुंगळ्या, भरलेली काडतुसे आणि दाब मोजून छापलेले आकडे आता दुकानात मिळतात. त्यांच्या यादीतील इतर बहुतेक काडतुसांसाठी मात्र अजूनही साधे काडतूस चेंबरमध्ये घालून पहिला बार काढावा लागतो.