विश्लेषण : सोरायसिस, कोडावर प्रकाशाचे उपचार कुठून आले? नोबेल विजेते नील्स फिन्सेन कोण होते?

सोरायसिस किंवा कोड असलेल्या रुग्णांना त्वचारोगतज्ज्ञ अनेकदा ‘फोटोथेरपी’ सुचवतात. आतून ट्यूबलाइट लावलेल्या कपाटासारख्या यंत्रात काही सेकंद ते काही मिनिटे उभे राहायचे, आठवड्यातून दोन-तीनदा आणि तेही काही महिने. या उपचारांचा आधुनिक पाया १९व्या शतकाच्या अखेरीस कोपनहेगनमध्ये घातला गेला. तो घालणारे डॉक्टर नील्स रायबर्ग फिन्सेन स्वतःच आयुष्यभर आजारी होते.

सूर्यप्रकाशाकडे लक्ष कसे गेले?

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवरील तोरशाव्हन येथे झाला. ही बेटे डेन्मार्कच्या ताब्यातली, तर कुटुंब मूळचे आइसलँडचे. डेन्मार्कमधील शाळेत ते मागे पडले, म्हणून पुढचे शिक्षण रेक्याविकला झाले. १८८२ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी कोपनहेगनला आले आणि १८९० मध्ये डॉक्टर झाले.

शिकत असतानाच त्यांना असाध्य आजार जडला. यकृत आणि हृदयावर परिणाम झाला, पोटात वारंवार पाणी साठू लागले. अशक्तपणा सतत असे. उन्हात बसले की मात्र बरे वाटे. असे का होते, याचे उत्तर त्या काळच्या वैद्यकशास्त्राकडे नव्हते. ते शोधण्यासाठी त्यांनी १८९३ मध्ये विद्यापीठातील शरीररचनाशास्त्र शिकवण्याचे काम सोडले.

‘ल्युपस व्हल्गॅरिस’ म्हणजे काय?

हा त्वचेचा क्षयरोग. (आज ‘ल्युपस’ म्हणून ओळखला जाणारा आजार वेगळा; त्यात ऊन त्रासदायक ठरते.) या रोगाने बहुतेकदा चेहराच धरला जाई. नाक, गाल, ओठ हळूहळू झिजत. कापणे, खरवडणे, डाग देणे एवढेच उपाय होते, आणि त्यानंतरही रोग उलटे. विद्रूप चेहऱ्यामुळे रुग्णांना कामही मिळेनासे होई.

उपचार कसा केला?

प्रकाशाने जंतू मरतात, हे आधीच्या प्रयोगांतून माहीत झाले होते. अडचणी तीन होत्या. डेन्मार्कमध्ये ऊन कमी, म्हणून फिन्सेन यांनी विजेचा कार्बन आर्क दिवा घेतला. त्याच्या उष्णतेने त्वचा भाजेल, म्हणून प्रकाश पाण्यातून गाळून घेतला. तिसरी अडचण रक्ताची, कारण रक्त प्रकाश शोषून घेते. त्यांनी पत्नीच्या कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद धरून पाहिला. पाळी दाबून रक्त बाजूला सारल्यावर कागद झपाट्याने काळा पडला. त्यामुळे उपचारावेळी भिंगासारखे उपकरण त्वचेवर दाबून धरण्याची पद्धत आली.

नोव्हेंबर १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीज कंपनीच्या जागेत एका इंजिनीअरवर पहिला उपचार सुरू झाला. अनेक उपाय करून थकलेल्या या रुग्णाचा चेहरा काही महिन्यांत सुधारला. पुढच्याच वर्षी फिन्सेन यांची प्रकाश उपचार संस्था उभी राहिली. पहिल्या पाच वर्षांत तिथे सुमारे ८०० ल्युपस रुग्णांवर उपचार झाले आणि बहुसंख्यांना गुण आला. एका वेळी नाण्याएवढ्याच भागावर प्रकाश टाकता येई, त्यामुळे रुग्णाला महिनोन्‌महिने यावे लागे.

नोबेल मिळाले, पण...

१९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले तेव्हा फिन्सेन चाकाच्या खुर्चीवर होते. ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. पुरस्काराच्या रकमेतला मोठा वाटा त्यांनी संस्थेला दिला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे स्पष्टीकरण बरोबर होते का?

पूर्णपणे नाही. अतिनील किरण थेट जंतू मारतात, असे त्यांना वाटत होते. २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी उपकरणे तपासली. त्यांतील भिंगे आणि गाळण्या जंतुनाशक लघुलहरी अतिनील किरण अडवत असल्याचे दिसले. क्षयरोगाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. प्रकाश पडल्यावर त्यांच्यामुळे ऑक्सिजनचे विषारी रूप तयार होऊन जंतू मरत असावेत, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे उपचार खरा होता, कारण वेगळे होते. देवीच्या रुग्णांना लाल प्रकाशाच्या खोलीत ठेवण्याची त्यांची दुसरी कल्पना मात्र टिकली नाही.

आज काय उरले?

१९४० च्या दशकात क्षयरोगावर प्रतिजैविके आली आणि ल्युपससाठी दिव्याची गरज संपली. कृत्रिम प्रकाश, ठरावीक लहरी आणि मोजून वेळ ही पद्धत मात्र राहिली. आज प्रामुख्याने सुमारे ३११ नॅनोमीटर लहरींचा ‘नॅरोबँड यूव्हीबी’ वापरला जातो. सोरायसिसमध्ये तो त्वचेच्या पेशींची अतिवेगवान वाढ रोखतो, तर कोडात रंगपेशींना चालना देतो.

मात्रा चुकली तर त्वचा भाजते. त्यामुळे घरच्या घरी उन्हात तासन्‌तास बसणे हा या उपचाराला पर्याय नाही. किती वेळ प्रकाश घ्यायचा, हे डॉक्टरच त्वचा पाहून ठरवतात.