माताहारी : बोलपटातली आणि खरी

हेरगिरीच्या जुन्या बोलपटांचा विषय निघाला म्हणजे ग्रेटा गार्बोच्या ‘माताहारी’चे नाव हटकून पुढे येते. मेट्रो गोल्डविन मेयर कंपनीच्या १९३१ सालच्या या बोलपटाने एका बाईची अशी काही प्रतिमा लोकांच्या मनावर ठसवली, की मोहिनी घालून गुपिते काढणाऱ्या कोणत्याही स्त्रीला जग तिच्याच नावाने ओळखू लागले. या बोलपटाचे गुणदोष पारखायचे, तर आधी त्या बाईचे चरित्र पाहिले पाहिजे.

तिचे खरे नाव मार्गारेता झेले. जन्म ७ ऑगस्ट १८७६ रोजी हॉलंडमधील लेउवार्डेन गावचा. वडिलांचे टोप्यांचे दुकान होते आणि लेक लाडाकोडात वाढत होती. पण १८८९ मध्ये वडिलांचे दिवाळे निघाले, दोन वर्षांनी आई वारली आणि घर विस्कटले. १८९५ मध्ये वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून तिने वसाहतीच्या सैन्यातील रुडॉल्फ मॅक्लाउड या अधिकाऱ्याशी लग्न केले. तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होता. पुढे ती दोघे जावा बेटावर गेली. नवरा व्यसनी आणि मारकुटा निघाला. १८९९ मध्ये लहानगा मुलगा दगावला. मायदेशी परतल्यावर १९०२ मध्ये ताटातूट झाली आणि मुलगी अखेर बापाकडेच राहिली.

पोटापाण्यासाठी ती पॅरिसला आली आणि तिथे तिने नवा जन्मच घेतला. १३ मार्च १९०५ रोजी गिमे संग्रहालयात, शिवमूर्तीपुढे, तिचा नाच झाला. आपण हिंदुस्थानातल्या देवळात वाढलेल्या नर्तकी आहोत, अशी थाप तिने ठोकून दिली. माताहारी हे नावही आपल्या कानांना वाटते तसे संस्कृत नव्हे. मलय भाषेत त्याचा अर्थ दिवसाचा डोळा, म्हणजे सूर्य. आपल्या बडोद्यात महाराणी पहिल्या चिमणाबाईंच्या विवाहानंतर, १८८० च्या सुमारास, तंजावरच्या नर्तकी दरबारात आल्या होत्या. त्यांचे नृत्य पाहिलेल्या कुणाला ही थाप क्षणभरही पटली नसती. पॅरिसला मात्र ती पटली, कारण पटवून घेण्याची त्या शहराला हौस होती.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. वय उताराला लागले होते, नाचाची मागणी ओसरली होती. १९१६ मध्ये एका जर्मन वकिलाने तिला वीस हजार फ्रँक देऊन हेरगिरीस पाचारण केले. बर्लिनमध्ये जप्त झालेल्या आपल्या कपड्यांची ती भरपाई समजून आपण पैसे घेतले, असे ती पुढे सांगत राहिली. त्याच वर्षी फ्रेंच हेरखात्याच्या कॅप्टन लादू यानेही तिला कामाला लावले. तिचा जीव जडला होता मास्लोव्ह या तरुण रशियन अधिकाऱ्यावर. युद्धात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती आणि त्याच्याशी संसार मांडायला तिला पैसा हवा होता. माद्रिदहून जर्मनांनी तिच्याविषयी बिनतारी संदेश धाडले, तेही फ्रेंचांनी आधीच उलगडलेल्या सांकेतिक लिपीत. फेब्रुवारी १९१७ मध्ये तिला अटक झाली. त्या वर्षी फ्रेंच सैन्यात बंडाळी माजली होती आणि पराभवाचे खापर फोडायला डोके हवेच होते. जुलैमध्ये बंद दाराआड लष्करी खटला चालला आणि १५ ऑक्टोबरला व्हँसेन येथे तिला गोळ्या घालण्यात आल्या.

आता बोलपट पाहावा. जॉर्ज फिट्झमॉरिसचे दिग्दर्शन नेटके आहे. विल्यम डॅनियल्सने छायाप्रकाशात टिपलेला गार्बोचा चेहरा हे त्याचे खरे वैभव. प्रियकराला मेरीमातेच्या मूर्तीपुढील दिवा मालवायला लावण्याचा प्रसंग आजही अंगावर येतो. शेवटी केस मागे चापून बसवलेली, काळ्या वस्त्रातली गार्बो शिपायांसवे निघते, तेव्हा प्रेक्षक आपोआप गप्प होतो.

दोषही ठळक आहेत. कथानक नाटकी आहे. रॅमन नोव्हारोचा वैमानिक फारच गोडगोड वाटतो. नायक जवळ असताना त्याचे गुप्त कागद सहज पळवले जातात, जणू हेरगिरी हा एका रात्रीचा खेळ! एका डोळ्याने अधू झालेला मास्लोव्ह इथे पुरता आंधळा होतो, म्हणजे रडायला सोपे. पण हे सारे क्षम्य म्हणता येईल. खरा दोष निराळा आहे. पडद्यावरची माताहारी एका सेनापतीचा खून करते. खऱ्या मार्गारेताने कुणाचा जीव घेतला नव्हता. तिने पैसे घेतले हे खरे, पण तिच्या माहितीपायी फ्रान्सने एखादी लढाई गमावली, असा पुरावा कुणालाही दाखवता आलेला नाही. बोलपटाने तिच्या हाती पिस्तूल दिले आणि त्याबरोबर तिच्या न्यायाधीशांचे हात धुऊन टाकले. तिला कामाला लावणाऱ्या लादूवरही पुढे हेरगिरीचा आरोप आला आणि तो सुटला, या गोष्टीला त्या कथेत जागाच उरत नाही.

पॅरिसने तिची थाप पैसे मोजून पाहिली आणि बोलपटाने तीच थाप अधिक भरजरी करून जगाला विकली. गार्बोसाठी हा बोलपट जरूर पाहावा. पण दिवे लागल्यावर एवढे आठवावे, की टोपीवाल्याच्या त्या लेकीचे प्रेत मागायला कुणी आले नाही आणि ते वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आले.