श्रीगाडगेमहाराज : खाल्ल्या भाकरीस जागलेला वऱ्हाडी

अमरावती जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या कांठीं ऋणमोचन नांवाचें एक लहानसें गांव आहे. पौष महिन्यांतील रविवारीं तेथें यात्रा भरते. ऋणमोचन म्हणजे कर्जांतून सुटका. ज्या पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे, त्याच्या आयुष्याचा बराच भाग या गांवाशीं जडलेला होता; आणि आम्हांस वाटतें कीं, त्याच्या सर्व आयुष्याचा अर्थही या एकाच शब्दांत सांठलेला आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें एका परिटाच्या घरीं झाला. बाप दारूपायीं अकालीं वारला. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरे गांवीं आपल्या माहेरीं आली. तेथें डेबूजीनें गुरें राखलीं, पुढें नांगर धरला, आणि मामाची शेती पोटच्या पोराप्रमाणें पाहिली. शाळेचें तोंड त्याला दिसलें नाहीं. मामा चंद्रभानजी यांसही अक्षरओळख नव्हती; दिल्याघेतल्याचा सर्व हिशेब सावकाराच्या वहींत. त्या वहीनें अखेर जमीन गिळली, आणि त्याच धक्क्यानें मामा खचून मेले. सावकार जमिनीचा ताबा घ्यावयास आला तेव्हां डेबूजी शेतांत आडवा उभा राहिला, हें वऱ्हाडांत सर्वश्रुत आहे. परंतु कर्ज, दारू आणि निरक्षरता या तिघांनीं मिळून आपलें घर कसें बुडविलें, हें तो जन्मभर विसरला नाहीं.

लग्न होऊन लेकरूं झालें, तेव्हां त्याच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणें मांस व दारू यांचें जेवण द्यावयाचें होतें. डेबूजीनें गोड जेवण दिलें. भाऊबंद रागावले, तो डगमगला नाहीं. मोठमोठ्या सभांतून दारूबंदीचे ठराव करणें सोपें आहे. आपल्याच दारीं, आपल्याच सोयऱ्यांच्या पंक्तींत तो ठराव पाळणें किती जड असतें, हें खेड्यांतील आमच्या मंडळ्यांना सांगावयास नको.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडलें. मागें आई, पत्नी कुंताबाई व मुलें राहिलीं, आणि त्यांचे पुष्कळ हाल झाले. ही गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं, आणि तिचें अनुकरण करण्यास कोणासही सांगणार नाहीं. संसारी माणसाची पहिली सेवा त्याच्या उंबरठ्याच्या आंत असते असें आम्ही मानतों. तथापि जो मनुष्य त्या दिवशीं बाहेर पडला तो सुखासाठीं पडला नव्हता. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर गाडग्याचें खापर, एका कानांत कवडी, दुसऱ्यांत फुटक्या बांगडीची कांच, हातांत खराटा. त्या खापरावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणूं लागले.

आतां त्यांची रोजची रीत पाहा. महाराज एखाद्या गांवांत शिरले कीं प्रथम कोणाच्या दारीं जात नसत. रस्ता झाडीत, गटार मोकळें करीत, उकिरडा सावरीत. कोणी वेडा म्हणे, कोणी दगडही मारी. अंगाला घाम आल्यावर मग ते भाकर मागत, आणि त्याच खापरांत चटणीबरोबर खात. कोणी पैसा पुढें केला तर तो गांवाच्याच कामीं लावावयास सांगत. रात्रीं कीर्तन होई. त्यांत ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत: कर्ज काढून सण कां करावा, नवसाला बकरें कां कापावें, माणसानें माणसाचा विटाळ कां मानावा, घरचीं भांडीं मोडावीं लागलीं तरी पोराला शाळेंत कां घालूं नये? लोक हंसत, आणि हंसतां हंसतां त्यांच्या माना खालीं जात. पायां पडूं आलेल्यास ते दूर सारीत. आपणांस गुरु नाहीं आणि आपला कोणी शिष्यही नाहीं, असें ते स्पष्ट सांगत.

आपण जेवणापूर्वीं देवाचे उपकार मानतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या बाईनें ती भाकर थापली, ज्या गड्यानें ती ज्वारी कापली, त्यांचे उपकार कोठें फेडतों? आम्ही पाळक लोक तर वाड्यावस्त्यांवर फिरतांना गरिबाच्या घरचें पिठलें किती वेळ खातों, आणि निरोप घेतांना एका प्रार्थनेनें हिशेब मिटला असें समजतों! गाडगेमहाराज खाल्लेल्या प्रत्येक घांसाला कर्ज मानीत, आणि हें कर्ज उधारीवर ठेवीत नसत. ते आधीं फेडीत, मग खात.

कोणी विचारील, मंडळ्यांच्या पत्रांत या पुरुषाचें चरित्र कशासाठीं? ते ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांस मरणोत्तर ख्रिस्ती ठरविणें हा खोटेपणा होईल. आपण तारणाविषयीं जें मानतों तें आपण मानतोंच. परंतु यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्याची गोष्ट सांगतांना प्रभूनें उदाहरणासाठीं याजक निवडला नाहीं, लेवीही निवडला नाहीं. ऐकणाऱ्यांच्या पंथाबाहेरचा शोमरोनी निवडला. आमच्या वऱ्हाडच्या वाटेवर असा एक मनुष्य हातांत खराटा घेऊन चालत गेला, तर त्याला न पाहिल्यासारखें करून पुढें जाणें आपणांस शोभणार नाहीं.

ऋणमोचनास यात्रेकरू नदीच्या चिखलांत घसरून पडत. महाराज त्यांस हात देऊन वर काढीत. पुढें लोकांच्या मदतीनें त्यांनीं तेथें घाट बांधविला. दरवर्षीं त्या यात्रेंत आंधळ्यापांगळ्यांस अन्न व वस्त्र मिळे. पंढरपुरास महार यात्रेकरूंना पाठ टेकावयास जागा नसे. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आज्यापणज्यांनीं वाळवंटांत काढलेल्या रात्री अजून घरोघरच्या आठवणींत आहेत. त्यांच्यासाठीं महाराजांनीं १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ सालीं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथेंही धर्मशाळा झाल्या, मुंबईंत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठीं एक झाली. ज्याच्या घरचें माणूस परक्या शहरांत खाटेवर पडलें आहे, त्याला रात्रीं एक कोपरा आणि चूल मिळणें म्हणजे काय, हें अशा प्रसंगांतून गेलेल्यासच कळेल.

लाखों रुपयांच्या या इमारतींवर आपल्या नातेवाइकांचा कांहीं हक्क राहणार नाहीं, अशी तजवीज त्यांनीं करून ठेविली. १९२३ सालीं त्यांचा मुलगा गोविंद वारला. ती बातमी त्यांस कोंकणांत खारेपाटण येथें कीर्तन चालू असतां समजली. कीर्तन थांबलें नाहीं. यांत काळजाचा कठोरपणा होता कीं समोर बसलेल्या लोकांचें देणें आधीं द्यावयाचें अशी समजूत होती, याचा निवाडा आम्ही करूं शकत नाहीं. ज्यानें पोर पुरलें आहे त्यानेंच तो करावा.

शेवटचें कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईस वांद्रें येथें झालें. शरीर थकलें होतें. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनीं, २० डिसेंबरच्या मध्यरात्रीं, मोटारीनें अमरावतीकडे आणीत असतां वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलावर महाराजांनीं प्राण सोडला. अमरावतींत त्यांची समाधि आहे. ज्याला अक्षर गिरवावयास मिळालें नाहीं, त्याचें नांव २००५ सालीं अमरावतीच्या विद्यापीठास देण्यांत आलें. त्याच्या स्वतःच्या मालकीचें म्हणून मागें जें राहिलें, त्याची वांटणी मागावयास कोणीही कचेरींत गेलें नाहीं: एक खापर, एक काठी, थोड्या चिंध्या आणि एक खराटा.