पात्याच्या पाकिटावरचा माणूस

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी दाढी करायला शिकलो. तुम्ही हसाल. आमच्या घरात सौ. अजून हसतेच आहे.

त्याचे असे झाले. गावाकडचे घर आवरताना अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचा जुना एकधारी रेझर सापडला. बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या मामांनी तो कधीकाळी आणून दिला होता. झाकण उघडायचे, पाठीला जाड कणा असलेले एकाच धारेचे पाते आत सरकवायचे आणि झाकण मिटायचे, एवढाच खटाटोप. अमेरिकेतल्या भाच्याने सांगितले की तिकडे अशी पाती अजून मिळतात, आणि एक डबी पाठवूनही दिली. पहिल्याच दिवशी गालावर तीन ठिकाणी कापले. तुरटीचा खडा फिरवत मी आरशासमोर उभा राहिलो.

चूक माझीच होती. चाळीस वर्षे दुधारी पात्याची सवय, त्याच कोनात हा धरला. याचे टोपण आधी गालाला जवळजवळ सपाट टेकवायचे, मग मूठ थोडीशीच खाली आणायची. दाबायचे अजिबात नाही. एका हाताने कातडी ताणून, केसांच्या दिशेने, बोटभर लांबीच्या छोट्या ओढी घ्यायच्या. रेझरचे वजन त्याचे काम करते. आठव्या दिवशी न कापता दाढी झाली आणि मॅट्रिक पास झाल्यासारखे वाटले.

पण त्याच ट्रंकेत आणखी एक खोके होते. १९८२ मध्ये बँकेतल्या पहिल्या पगारातून मी अण्णांना नवा दुधारी रेझर आणि दहा पात्यांचे पाकीट घेऊन दिले होते. देताना जरा मिजाशीतच सांगितले होते, की तो जुना खटारा आता फेकून द्या. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक. एक पाते तळहातावर घासून घासून महिना महिना पुरवणारे. ते काही बोलले नाहीत. मला वाटत राहिले की ते नवाच रेझर वापरतात. पाकिटात आठ पाती शिल्लक होती.

फेकून द्या हा मंत्र जगाच्या गळी कोणी उतरवला, हे शोधताना मी किंग कँप जिलेटपाशी पोचलो. आपल्या आजोबांच्या पिढीने हा माणूस पात्याच्या वेष्टनावर पाहिलेला आहे. जगाला दाढी करायला लावणारा हा गृहस्थ स्वतः भरघोस मिशा राखून होता.

५ जानेवारी १८५५ रोजी विस्कॉन्सिनमधल्या फाँ द्यू लॅक गावी त्याचा जन्म झाला. वाढला शिकागोत. १८७१ च्या प्रसिद्ध आगीत शहर जळाले, त्यात या कुटुंबाचाही संसार गेला. आई फॅनी मोठी खटपटी बाई. १८८७ मध्ये आलेले तिचे पाकशास्त्राचे पुस्तक अमेरिकेत घरोघरी पोचले. मुलगा मात्र गावोगाव फिरून माल विकणारा फिरता विक्रेता झाला.

बाटलीचे पत्र्याचे बूच शोधून काढणाऱ्या विल्यम पेंटरच्या कंपनीत तो नोकरीला लागला. पेंटरने त्याला एक गुरुमंत्र दिला: लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील अशी वस्तू शोध. बूच तसेच होते.

गंमत पुढेच आहे. याच विक्रेत्याने १८९४ मध्ये एक पुस्तक लिहिले, ते स्पर्धेच्या विरुद्ध. व्यापारातली चढाओढ हेच सगळ्या दुःखाचे मूळ. सगळे उद्योग एकाच संस्थेचे असावेत, तिचे मालक सगळे लोक असावेत, आणि नायगाराच्या धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एका अवाढव्य नगरात जवळजवळ सगळ्या देशाने राहावे, असा त्याचा आराखडा होता.

आणि १८९५ मध्ये एका सकाळी दाढी करताना, वस्तरा बोथट झालेला पाहून, त्याला पेंटरचा मंत्र आठवला. सुरक्षित रेझर तेव्हाही होते. न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंचा स्टार रेझर १८८० पासूनचा. माझ्या अण्णांचा रेझर त्याच एकधारी घराण्यातला. पण त्याचे पाते जाड, घडीव, पुन्हा पुन्हा पाजळावे लागणारे. जिलेटला हवे होते कागदासारखे पातळ, स्वस्त, दुधारी आणि धार गेली की टाकून देण्याजोगे. इतक्या पातळ पोलादाला धार धरणार नाही, असे जाणकारांनी सांगितले. सहा वर्षे गेली. शेवटी विल्यम निकर्सन नावाच्या तंत्रज्ञाने पोलाद कडक करण्याची आणि पाजळण्याची युक्ती बसवली. १९०१ मध्ये कंपनी निघाली.

१९०३ हे विक्रीचे पहिले वर्ष. विकले गेले ५१ रेझर आणि १६८ पाती. माझ्या टेबलावर हे आकडे आले असते तर कर्जाचा अर्ज मी नामंजूर केला असता, आणि वर शहाणपणाचे दोन शब्दही सुनावले असते. पुढच्याच वर्षी रेझर ९० हजारांवर आणि पाती १ लाख २३ हजारांवर गेली. १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळाले.

जिलेटने रेझर फुकटासारखे वाटून पात्यांवर पैसा केला, असे व्यापाराच्या वर्गात सांगतात. ते खरे नाही. पेटंट होते तोवर रेझर चांगला ५ डॉलरला विकला जात होता, आणि ही त्या काळी साध्या कामगाराला परवडणारी किंमत नव्हती. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, तेव्हा जुन्या घाटाचा रेझर १ डॉलरवर आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. ते सैनिक घरी परतले ते रोजची सवय लावून घेऊनच.

पैसा आला, पण स्वप्न सुटले नाही. १९१० मध्ये त्याने आपल्या जागतिक संस्थेचे अध्यक्षपद थिओडोर रूझवेल्ट यांना १० लाख डॉलर देऊन देऊ केले. त्यांनी नाकारले. भागीदार जॉन जॉइसशी भांडण झाले, तेव्हा कंपनीचा ताबा जॉइसकडे गेला. जिलेट नावापुरता अध्यक्ष उरला. वेष्टनावर चेहरा त्याचा, चाव्या दुसऱ्याकडे. १९२९ नंतरच्या मंदीत शेअर कोसळले, कॅलिफोर्नियातल्या जमिनींत अडकलेला पैसा बुडाला. १९३१ मध्ये अध्यक्षपद सुटले आणि ९ जुलै १९३२ रोजी, ७७ व्या वर्षी, त्या संपत्तीतले फारसे काही न उरता तो गेला.

आयुष्यभर खातेवह्या तपासल्यामुळे मला जमाखर्च मांडायची खोड आहे. स्पर्धा नको म्हणणाऱ्याने बाजारपेठ जिंकली. सगळ्यांचे सगळे असावे म्हणणाऱ्याची सगळ्यांत टिकलेली देणगी म्हणजे कचऱ्यात टाकायची वस्तू. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे, पण मला तो ढोंगी वाटत नाही. स्वतःचा पैसा आणि नाव तो शेवटपर्यंत त्या स्वप्नासाठी पणाला लावत राहिला. त्याचे आयुष्यच दुधारी होते. आणि न्हाव्यावाचून, गळा कापण्याच्या भीतीवाचून, कुणालाही घरी दाढी करता येऊ लागली, हेही त्याच्याच खात्यात जमा आहे.

अण्णांना हा माणूस भेटला असता तर? अण्णांनी नगराचा आराखडा आदराने ऐकून घेतला असता, आणि पाते मात्र जपून ठेवले असते.

परवा त्या आठ पात्यांतले एक मी काढले आणि त्यांना दिलेल्या रेझरला लावले. दाढी उत्तम झाली. पुसून, कोरडे करून ते पाते शिवणाच्या डब्यात ठेवले. उसवायच्या टाक्यांसाठी आमच्याकडे जुने पाते तिथेच असायचे. उरलेल्या सातांचे काय करायचे, ते अजून ठरवलेले नाही.